नामीचं भात

दिवाळी सरली की माझ्या दुकानात येणाऱ्या टायरांच्या खाचांत भाताचे दाणे सापडतात. एरवी खडी असते, खिळे असतात, बाटल्यांच्या काचा असतात. या दिवसांत दाणे. सापगावच्या पुलावरून शहापूरकडे येणाऱ्या गाड्या मुरबाडच्या बाजूच्या रस्त्यांवर वाळत घातलेल्या भातावरून आलेल्या असतात. मी गाडी जॅकवर घेतो, चाक हाताने सावकाश फिरवतो आणि स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने एकेक दाणा उकरून डब्यात टाकतो. दाण्याने टायरचं काही बिघडत नाही. गिऱ्हाईक म्हणतं, "राहू द्या शेठ, ते आपोआप पडतात." मी मान हलवतो आणि काढत राहतो. संध्याकाळी डबा दुकानामागे रिकामा करतो. चिमण्या येतात.

या सवयीला सात वर्षं झाली. कोणी कारण विचारलं नाही, आणि मी आपणहून काही सांगणारा माणूस नाही. टायरच्या दुकानात बोलावं लागत नाही, हेच मला या धंद्यातलं आवडलं होतं. चाक बोलतं, आपण ऐकायचं. एका बाजूने झिजलं असेल तर गाडी कुठे ओढते ते कळतं, मधोमध झिजलं असेल तर हवा जास्त भरली होती हे कळतं. माणूस कुठे झिजला, ते मात्र वरून दिसत नाही.

तापलेल्या डांबरावर ओलसर भात पसरलं की एक वास उठतो. थोडा पेंढ्याचा, थोडा डांबराचा, थोडा आंबूस. फार्महाऊसवर येणारी माणसं गाडीची काच खाली करून तो छातीत भरून घेतात. मी त्या वासाने दुकानाचं शटर अर्धं ओढून आत बसतो.

सात वर्षांमागच्या त्या वर्षी भात उभं छान होतं. झिणी, आमच्याकडची बारीक भाताची जात, लोंब्यांनी वाकली होती. कापणी झाली, भारे बांधले, आणि दिवाळीनंतर दोन दिवस नको असलेला पाऊस पडून गेला. सारवलेली खळी पुन्हा चिखल झाली. तिसऱ्या दिवशी ऊन पडलं तेव्हा अख्ख्या मुरबाड तालुक्यात कोरडी अशी एकच जागा होती, ती म्हणजे डांबरी रस्ता. लोकांनी झोडलेलं भात रस्त्यावर आणून पसरलं. अर्धा रस्ता भाताचा, अर्धा गाड्यांचा. कडेला दगड मांडलेले, दगडांत करवंदीच्या फांद्या खोचलेल्या. इथल्या ड्रायव्हरला हे ठाऊक असतं. या दिवसांत तो वेग कमी करतो, दोन चाकं भातावरून जाऊ देतो, भात परतणारी बाई सरकेपर्यंत थांबतो. त्याला कोणी नियम शिकवलेला नसतो. त्याच्या घरचंही भात कुठेतरी रस्त्यावरच पडलेलं असतं.

पण माझा दोष त्या उन्हात सुरू झाला नाही. तो त्याआधीच्या चैत्रात, माझ्या दुकानातल्या दोन प्लास्टिकच्या स्टुलांवर सुरू झाला.

प्रशांत सापगावचा. मुरबाडला कंपनीत नोकरी, वय पस्तिशीच्या आसपास, मला दादा म्हणायचा. त्याची पांढरी गाडी दिसायला चारचौघांसारखी होती. बॉनेटखाली मात्र त्याने इतकं काही करून घेतलं होतं की ती उभी असतानाही थरथरायची. धसईच्या पलीकडे एक प्लॉटिंग अर्धवट पडून होतं. बंगले झालेच नाहीत, पण आतला काँक्रीटचा रस्ता मात्र पट्टीने आखल्यासारखा सरळ. मालकाच्या परवानगीने काही हौशी मंडळी रविवारी सकाळी तिथे गाड्या पळवायची. दोन गाड्या शेजारी उभ्या करायच्या, चारशे मीटर, पहिला पोचेल तो जिंकला. वळण नाही, घाट नाही. सगळा खेळ सुटण्याच्या त्या एका क्षणाचा. त्या क्षणी इंजिनाची ताकद चाकांत उतरते आणि चाकं जमिनीला धरतात, नाहीतर जागच्या जागी गरगरतात.

"दादा, माझी गरगरते," प्रशांत म्हणाला. "ताकद हाय, पकड नाय."

पकड मी देणार होतो. पंचवीस वर्षं मी ट्रॅक्टरांना, टेम्पोंना, शाळेच्या बसना टायर घातले होते. पळण्यासाठी चाक निवडायला मला पहिल्यांदाच कोणी सांगत होतं. मी त्यात किती रमलो ते आता लिहितानाही लाज वाटते. दुपारी दुकान रिकामं असलं की मी वहीत आकडे लिहायचो. रिमला किती भोकं, त्यांच्यात अंतर किती, रिम आत किती बसेल, बाहेर किती येईल. या गाडीत ताकद पुढच्या चाकांना मिळते. म्हणून पुढे रिम लहान हवी, म्हणजे तिच्याभोवती रबराची भिंत उंच येते. सुटताना ती भिंत चुरगळते, जमिनीला चिकटते आणि मग गाडीला ढकलते. पण रिम फार लहान घेतली तर ब्रेकच्या लोखंडी जबड्याला घासणार. किती जागा उरते ते बघायला मी शेतातल्या चिकणमातीची गोळी जबड्यावर थापली, रिम चढवली, फिरवली, उतरवली, आणि दबलेल्या मातीची जाडी मोजली. वजन बघायला भाताची पोती तोलतात त्या काट्याला रिमा टांगल्या. एक टांगली, उतरवली, दुसरी टांगली.

प्रशांत स्टुलावर बसून हसत होता. "दादा, रिम बघतोयस का सून बघतोयस?"

"सून बघायला एवढा टाइम कोन देतो?" मी म्हणालो. त्या वर्षी मी जरा बोलकाही झालो होतो.

टायर निवडायला सगळ्यात जास्त दिवस लागले. अगदी गुळगुळीत टायर रस्त्यावर चालत नाहीत. मधला मार्ग म्हणून मी ज्यांच्यावर नावापुरत्या दोनचार रेघा होत्या, असे घेतले. रबर इतकं मऊ की अंगठ्याचं नख दाबलं तर ठसा उमटून राहायचा. मागे उलट. मागच्या चाकांना काम नाही, फक्त मागून यायचं, म्हणून तिथे अरुंद, हलके, कडक टायर. पुढे पैलवान, मागे काटक्या. पुढच्या टायरांवर एक पिवळा कागद चिकटवलेला होता. कोरड्या, स्वच्छ रस्त्यासाठीच, असं त्यावर छापलं होतं. तो कागद मी पाण्याने भिजवून, बोटाने घासून काढला. काळ्या रबरावर तो वाईट दिसत होता.

आमचा एक शिरस्ता होता. मी माझ्या पिकअपमध्ये ही चाकं घेऊन जायचो. मैदानावर गाडीची रोजची चाकं काढायची, ही चढवायची, हवा बत्तीसवरून अठरावर आणायची. पळणं झालं की पुन्हा रोजची चाकं, पुन्हा पूर्ण हवा, मग घर. उन्हाळ्यात चार रविवार असेच गेले. पावसाळा गेला. आणि दिवाळीनंतरच्या त्या रविवारी, ऊन पडल्याच्या दुसऱ्या दिवशी, प्रशांत जिंकला. कल्याणचा एक जण दुप्पट मोठी गाडी घेऊन आला होता. आमची पांढरी गाडी सुटली तेव्हा एकही चाक गरगरलं नाही. तिने काँक्रीट नुसतं उचलून मागे फेकलं असं वाटलं. मी लाइनीजवळ उभा होतो. मला ओरडता येत नाही, त्या दिवशी ओरडलो.

प्रशांतने हेल्मेट काढलं. "दादा, चाकं बदलू ना?"

हा प्रश्न त्याने विचारला होता. हे लिहिलंच पाहिजे, कारण इतकी वर्षं मी मनातल्या मनात हा प्रश्न गाळत आलो.

"राहू दे," मी म्हणालो. "धसईच्या बाजारातून तशीच ने. लोकांना दिसू दे."

"हवा तरी?"

"घरी गेल्यावर भरू."

बाजारात चहाला थांबलो. लोक जमले. एकाने बोट दाबून बघितलं, "आयला, लोण्यासारका हाय!" दुसऱ्याने विचारलं, "कुनी बसवले?" प्रशांतने माझ्याकडे हात केला. मी चहाच्या ग्लासात बघत होतो, पण कानांना सगळं ऐकू येत होतं. आयुष्यात एवढा गोड चहा मी प्यायलो नाही.

तिथून निघालो. प्रशांत पुढे, मी मागे पिकअपमध्ये. माझ्या मागच्या हौद्यात चार बरी चाकं होती, खोल खाचांची. ती त्याच्यापासून पन्नास पावलांवर होती.

उतार संपून रस्ता जरा वळतो तिथे भात पसरलेलं होतं. रस्त्याकडेच्या पाड्यातले धर्माकाका पाय ओढत ओढत भात परतत होते. पायाने ओळी काढत गेलं की खालचं भात वर येतं, उन्हाला लागतं. ओळीच्या टोकाला पोचल्यावर ते दोन पावलं मागे सरले, आपण काढलेल्या ओळी सरळ आल्यात का ते बघायला. भिंतीला चुना लावणारा माणूस सरतो तसे. प्रशांतचा वेग फार नव्हता. त्याने ब्रेक दाबला. पुढच्या चाकांनी क्षणभर धरलं, आणि मागच्या त्या काटक्या दाण्यांवर गोट्यांवर पाय पडावा तशा निसटल्या. गाडी आडवी फिरली. तिची मागची बाजू काकांना घेऊन कडेच्या दगडाला लागली.

मांडीचं हाड मोडलं होतं. काका शुद्धीवर होते आणि भाताकडे बघत होते.

एक जीप थांबली. काकांना मागे आडवं घातलं, प्रशांत आणि काकांचा मुलगा बसले, जीप मुरबाडला गेली. त्यांची बायको नामीकाकी राहिली. जागा नव्हती, मागून ये म्हणाले. ती रस्त्याच्या कडेला उकिडवी बसली. मी गाडीजवळ थांबलो, राखण म्हणून.

मग मी पिकअपमधून जॅक काढला.

मी ठरवून काही केलं नाही, असं म्हणावंसं वाटतं. पण पाना योग्य मापाचा घेतला होता, नट योग्य क्रमाने सैल केले होते. चारही चाकं काढली. रोजची चारही चढवली. पुढचे मऊ टायर उतरवताना हाताला खरखर लागली. तापलेल्या रबरात दाणे रुतून बसले होते, पुरणात वेलदोड्याचे दाणे दिसावेत तसे. शेवटचं चाक आवळत असताना समोर तांब्या आला. नामीकाकी उभी होती.

"पंक्चर झाली का रे भाऊ?"

"हो," मी म्हणालो, आणि तिच्या हातचं पाणी प्यायलो.

हवालदार आले तेव्हा त्यांनी वाकून टायरवर हात फिरवला, खाचेत बोट घालून पाहिलं. "टायर बरे आहेत," म्हणाले, तसं लिहिलं. गर्दी जमली होती. "रस्त्याव भात घालतात, मंग दुसरं काय होनार," कोणीतरी बोललं. हवालदारांनी विचारलं, भात कोणी घातलं?

"मी घातलं," नामीकाकी म्हणाली. "हे नको बोलत होते. मीच ऐकलं नाय."

एवढ्या माणसांत त्या दिवशी खरं बोलणारी ती एकटी होती.

संध्याकाळी प्रशांत परत आला. त्याने चाकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बरं केलंस म्हणाला नाही. का केलंस, असंही म्हणाला नाही. वर्षभरात त्याने गाडी विकून टाकली. आम्ही भेटलो की पाऊसपाण्याचं बोलायचो.

काकांचा पाय आखूडच राहिला. काठी घेऊन बांधावर बसायचे, चिखलात उतरता आलं नाही. आणि त्या वळणाला नाव पडलं. ते मला पहिल्यांदा माझ्याच दुकानात कळलं. एक जीपवाला टायर घेऊन आला, म्हणाला, "शेठ, नामीच्या भाताजवळ फुटला बघा."

"नामीचं भात कुठं आलं?"

तो हसला आणि मला सगळी गोष्ट सांगितली. रस्त्यावर भात घालणारी हट्टी बाई, नको म्हणणारा नवरा, सरकलेली गाडी. पुढे तो म्हणाला, "आता आमी स्टॉपच तसा बोलतो. लोकांना लगेच समजतं." त्याच्या गोष्टीत सगळे होते, फक्त मी नव्हतो. मी त्याचा टायर चढवला, हवा बरोबर भरली, नट दोनदा तपासले.

टायरच्या खाचेचा मी तेव्हापासून फार विचार केला आहे. लोकांना वाटतं, रबर जितकं जास्त तितकी पकड जास्त. स्वच्छ काँक्रीटवर ते खरंही आहे. पण रस्त्यावर पाणी असतं, माती असते, कोणाचं तरी पीक असतं. खाच ही त्यांना बाजूला व्हायला दिलेली जागा. मी सगळा उन्हाळा चाकं निवडली, वजनं तोलली, मातीच्या गोळीने बारीकसारीक अंतरं मोजली, आणि ती चाकं ज्या रस्त्याने घरी येणार होती त्या रस्त्याचा विचार एकदाही केला नाही. मी इथेच जन्मलो. कापणीनंतर रस्त्यावर काय असतं हे मला कोणी सांगायला नको होतं.

या भादव्यात प्रशांतचा फोन आला. "दादा, धर्माकाका गेले. तापाने." मी कधी म्हणून विचारलं, त्याने वार सांगितला. "ठेवतो," तो म्हणाला.

भात कापलं गेलं तेव्हा मी माळ्यावरून गोणपाटात बांधलेला एक टायर काढला. पुढचे ते दोन मऊ टायर मी कधी विकले नव्हते, जाळले नव्हते. त्या रस्त्याने मी स्वतः गाडी चालवत नाही, म्हणून मुरबाडहून जीपने गेलो. नामीकाकी अंगणात ताडपत्रीवर भात परतत होती. दुपारनंतर तिथे सावली येते, भात सरकवत न्यावं लागतं.

"कोन? टायरवाला ना तू? बस."

"काकी, त्या दिवशी मी चाक बदलत होतो..."

"पंक्चर झालेली. मी पानी दिलेलं तुला."

"पंक्चर नव्हती."

मग मी सगळं सांगितलं. मऊ रबर, कमी हवा, मागची अरुंद चाकं, बाजारातला चहा. साधी चाकं असती तर गाडी थांबली असती, असं म्हणालो. कदाचित नसती थांबली, हे मी सात वर्षं स्वतःला सांगत आलो होतो. तिला ते सांगितलं नाही. ती ओळ संपेपर्यंत पाय ओढत राहिली. मग खाली बसली, टायर जवळ ओढला, आणि रबरात रुतलेला एक दाणा नखाने उकरून तळहातावर घेतला.

"झिनी हाय," ती म्हणाली. "तवा आमी झिनी लावलेली."

तिने दाणा ताडपत्रीवरच्या भातात टाकला.

"यांना का नाय सांगितलंस रे?"

मी गोणपाट गुंडाळायला लागलो.

"सात वरसं ताट वाढलं मी. पयला भाताकडं बघायचे, मंग माझ्याकडं. बोलायचे काय नाय. बोलले असते तर मी भांडले तरी असते. ते तसेच गेले. आता तू मला सांगून मोकला झालास. मी कुनाला जाऊन सांगू?"

"मी काय करू, काकी?"

"लोक मला बोलले ते चार मानसांत बोलले," ती उठली. "तू अंगनात येऊन कानात सांगतोस."

त्या दिवशी तिने मला पाणी दिलं होतं. या वेळी दिलं नाही. मी मागितलंही नाही.

पुढच्या बाजाराच्या दिवशी मी धसईला गेलो. जीपा लागतात तिथे, चहाच्या त्याच टपरीसमोर, टायर जमिनीवर ठेवला आणि उभ्याने बोललो. मला चार माणसांत बोलायची सवय नाही. आवाज चिरका निघाला. आठदहा जण होते, दोन जीपवाले होते. मी चाकं निवडण्यापासून चाकं बदलण्यापर्यंत सगळं सांगितलं. नामीकाकीच्या भाताचा दोष नव्हता, असं दोनदा म्हणालो.

"पन हवालदारानं टायर बरे लिवलेले," एक म्हणाला.

"ते मी बदललेले होते. तेच सांगतोय."

"जाऊ द्या शेठ. म्हातारा तर गेला. आता कशाला उकरायचं?"

एका तरण्याने वाकून रबरावर अंगठा दाबला. "हे कुठं मिळतात वो?"

चहावाल्याने मला चहा दिला. मी तो तसाच ठेवला. काकीला जाऊन सांगायचं होतं की बोललो, चार माणसांत बोललो. टायर घेऊन जीपमध्ये चढलो. ड्रायव्हर त्याच घोळक्यात उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं, मधे एकदा "अरेरे" असंही म्हणाला होता. गाडी भरली. त्याने आरशातून माझ्याकडे बघितलं.

"कुठं उतरनार, शेठ?"

"माझ्या चाकांनी धर्माकाकांचा पाय मोडला, तिथं," मी म्हणालो.

त्याने गिअर टाकला. आवाजात कसलाही राग नव्हता, थट्टा नव्हती.

"म्हंजे नामीचं भात," तो म्हणाला. "तसं सांगा ना."